शेळ्यांच्या जंतांवरची हिरवी पावडर : लेंड्या तपासून लिहिलेला अभिप्राय

जनावरांच्या औषधांच्या दुकानात हल्ली हिरव्या पाकिटांचा एक वेगळा खणच झालाय. त्यातलंच हे अर्धा किलोचं पाकीट, किंमत साडेतीनशेच्या आसपास. वर धष्टपुष्ट बोकडाचं चित्र आणि मजकूर असा: सर्व प्रकारच्या जंतांवर शंभर टक्के नैसर्गिक, गाभण जनावरांस सुरक्षित, दुष्परिणाम नाहीत. मागच्या बाजूला घटक दिलेत: वावडिंग, पळसपापडी, कपिला, कडूजिरं, कडुनिंब. कोणतं किती, ते नाही. कंपनीचं नाव मी देत नाही, कारण ह्याच पाच वनस्पतींची आणि जवळजवळ ह्याच मजकुराची पाकिटं तीन-चार नावांनी विकली जातात. जे लिहिते ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

आम्ही माण तालुक्यातले. उस्मानाबादी शेळ्या, करडं धरून चाळीसेक. दिवसा बरडावर आणि ओढ्याकाठी चारायच्या, संध्याकाळी गोठ्यात कडब्याची कुट्टी आणि थोडा भरडा. बंदिस्त शेळीपालन परवडेल एवढं भांडवल नाही आणि मला ते आवडतही नाही. पण ओढ्याकाठचं हिरवं गवत म्हटलं की पावसाळ्यात जंत आलेच.

आमच्याकडे जंताचं औषध म्हणजे अल्बेंडाझोल. वर्षानुवर्षं सगळी वस्ती तेच पाजतेय, दर तीन महिन्यांनी, सरसकट सगळ्या कळपाला, मात्रा नजरेच्या अंदाजाने. त्यामुळे जे व्हायचं तेच झालं: जंत औषधाला सरावले. औषध पाजूनही दोन पाटी, म्हणजे तरुण शेळ्या, खंगत गेल्या, एकीच्या जबड्याखाली पाणी उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी लेंड्या तपासायला सांगितल्या. औषधानंतरही अंडी भरपूर निघाली. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, ह्या केमिकलचं असंच असतं. हे न्या, झाडपाल्याचं आहे. ह्याला जंत सरावत नाहीत."

हे वाक्य मला खटकलं. झाडपाल्यात जंत मारणारं जे काही असेल तेही रसायनच असणार. एकाला सरावतात तर दुसऱ्याला का नाही? तरी पाकीट घेतलं, कारण दुसरीकडे चरकसंहितेपासून वावडिंगाला कृमिघ्नांमध्ये पहिला मान आहे, आणि आमच्या घरात एकही बाळ वावडिंगाच्या पाण्याशिवाय वाढलेलं नाही. थोतांड म्हणून झटकून टाकायची वस्तू ही नव्हे. फक्त पाकिटावरच्या दाव्याचा पुरावा पाकिटाबाहेर शोधायचा होता.

आधी हा जंत कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागातल्या शेळ्यांचा खरा वैरी म्हणजे हिमॉंकस. शेळीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो, लांबी इंचभर किंवा त्याहून कमी, मादी तांबड्या-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत असले तर रोजचं ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं पावणेदोन लिटरच्या आसपास, आता करा हिशेब. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, ओलसर उबेत फुटतात, अळ्या गवतावर चढतात, पुन्हा शेळीच्या पोटात. तीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार.

आणि मुख्य गोष्ट: हा जंत लेंड्यांत डोळ्यांनी दिसत नाही. जे पांढरे चपटे तुकडे लेंड्यांवर दिसतात आणि सगळे घाबरतात, ते पट्टकृमीचे. तो मोठ्या शेळीचं फारसं बिघडवत नाही. कपिला हे पट्टकृमीवरचं जुनं औषध, शिवाय रेचक. म्हणजे ही पावडर दिल्यावर लेंड्या सैल होऊन पट्टकृमीचे तुकडे पडतही असतील, आणि "जंत पडताना डोळ्यांनी बघितले" असं सांगणारा गिऱ्हाईक खोटं बोलत नसेल. पण शेळीला मारणारा जंत तो नव्हे.

पावडर खाऊ घालणं हा एक वेगळाच अध्याय. पाकिटावर लिहिलंय, खाद्यातून द्यावी. आमच्या शेळ्यांनी भरड्यात तोंड घातलं, फुर्र करून नाकातून उडवलं आणि घमेलं उलथं करून निघून गेल्या. कडूजिरं आणि कडुनिंब एकत्र म्हटल्यावर दुसरं काय होणार. मग कणकेत गूळ घालून गोळ्या केल्या. दोन-तीन अधाशी बोकडांनी खाल्ल्या, बाकीच्यांनी गालात धरून गोठ्याच्या कोपऱ्यात थुंकल्या. शेवटी कोमट पाण्यात कालवून बाटलीने पाजली. इथे एक सांगायला हवं: पाजताना शेळीचं तोंड फार वर करू नका, जमिनीला समांतर किंवा जरासंच वर, आणि नळी जिभेच्या मागे गालाकडून. मान ताणली की औषध श्वासनळीत जातं. पावडरीचा लगदा फुप्फुसात गेला तर जंत बरे म्हणायची वेळ येते. शिवाय भरडसर पावडर बाटलीच्या तळाशी बसते, त्यामुळे पहिल्या शेळीला पाणी आणि शेवटच्या शेळीला गाळ. द्रवरूपात न देणं हा ह्या मालाचा पहिला दोष.

दुसरा दोष मात्रेचा, आणि ह्यावर मला जास्त बोलायचंय. पाकिटावर मोठ्या शेळीला रोज १० ग्रॅम, सलग तीन दिवस. म्हणजे एका शेळीला ३० ग्रॅम, पाकिटात सोळा शेळ्यांचं काम. आता पळसपापडीचंच बघू. तिच्यात पळसोनिन नावाचं कृमिघ्न द्रव्य असतं, त्यावर बराच अभ्यास झालाय. पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या संशोधकांनी मेंढ्यांना पळसाच्या बियांची पूड देऊन बघितली होती. वजनाच्या किलोमागे ३ ग्रॅम दिल्यावर दहाव्या दिवशी लेंड्यांतली अंडी ७८ टक्क्यांच्या आसपास घटली. म्हणजे पळसाच्या बीत दम आहे, ह्यात वाद नाही. पण पंचवीस किलोच्या शेळीला ह्या हिशेबाने ७५ ग्रॅम नुसती पळसपापडी लागेल. पाकिटातले पाचही घटक समान धरले तर तीन दिवसांत मिळून तिच्या पोटात पळसपापडी जाते ६ ग्रॅम. बारापट कमी! अर्धा कप पूड शेळीच्या गळ्याखाली उतरवणं कंपनीला विकता येण्यासारखं नाही, म्हणून चमचाभराचा डोस. मग तो चमचा काम करतो हे कुणी बघितलं?

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंत ठेवून त्यावर अर्क ओतला की पुष्कळ वनस्पती जंत मारतात. अंडी फुटत नाहीत, अळ्या वळवळायच्या थांबतात. पण शेळीच्या पोटात आधी ते कोठीपोट, म्हणजे पहिलं मोठं पोट, लागतं, कित्येक लिटर आंबट-कुबट पाण्याचं, त्यात जिवाणू टपलेले. औषध त्यात पातळ होतं, फुटतं, आणि उरलंसुरलं चौथ्या पोटात पोचतं. शिवाय बशीतला अर्क बहुतेक वेळा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि पाकिटात असते नुसती दळलेली बी. वावडिंगातलं एम्बेलिन तर साध्या पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. चीनच्या तू यूयू ह्यांना हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चं नोबेल मिळालं, तेही झाडपाल्यातूनच. त्यांचं काम अडलं होतं ते अर्क काढण्याच्या पद्धतीपाशी: उष्णतेने द्रव्य बिघडत होतं, मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने काढलं तेव्हा हाती लागलं. वनस्पती तीच, पद्धत बदलली. त्याच वर्षी त्याच नोबेलचा दुसरा अर्धा वाटा आयव्हरमेक्टिनवाल्यांना मिळाला, ते जंतांचं औषध, आणि त्याचा मूळ जिवाणू जपानच्या मातीतला. म्हणजे निसर्गातून औषध येतं हे खरंच, पण दळून पाकिटात भरलं की आलं असं नाही.

कच्च्या मालाबद्दलही थोडं. वावडिंग म्हणून बाजारात काय-काय विकलं जातं ते विचारू नका. खरं वावडिंग एम्बेलिया रायबीसचं. त्याच्या जागी त्याच कुळातल्या दुसऱ्या एम्बेलियाची फळं सर्रास येतात आणि कधी अटकीचीही. सगळीच मिरीएवढी गोल, काळपट तांबडी. काष्ठौषधीच्या दुकानातून मी अख्खं वावडिंग आणून बघितलं: खऱ्याच्या टोकाला बारीक चोच असते आणि देठाशी वाळकी टोपी. पूड चुन्याच्या निवळीत टाकली की जांभळट रंग धरते, कारण एम्बेलिन अल्कलीत विरघळतं. अर्थात ह्या चाचणीने जुळ्या बहिणी ओळखता येत नाहीत, एम्बेलिन तिच्यातही असतं. आणि पाकिटातल्या मिश्रणाला तर ही चाचणी लावताच येत नाही, कपिलाही चुन्यात लाल रंग सोडतो. दळलेल्या मालात काय आहे ते गिऱ्हाइकाला कळायचा मार्गच नाही. निदान घटकांचं प्रमाण आणि द्रव्याची टक्केवारी तरी छापा की.

आता तपासणी. हा अभिप्राय निम्मा पावडरीचा आणि निम्मा लेंड्या तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेच्या सेवेचा आहे, आणि दुसरी निम्मी बाजू जास्त कौतुकाची.

लेंड्यांची तपासणी करून घ्यायला फार जामानिमा लागत नाही. हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून लेंड्या थेट शेळीतूनच काढायच्या, जमिनीवरच्या उचलायच्या नाहीत. पिशवी सुलटी करून हवा काढून गाठ मारायची, बिल्ल्याचा नंबर लिहायचा. उन्हात ठेवल्या तर दिवसभरात अंडी फुटतात आणि मोजायला काही राहत नाही, म्हणून बर्फाच्या थर्मासात, पण गोठू द्यायच्या नाहीत. प्रयोगशाळेतली मुलगी हे सगळं दाखवायला तयार असते. २ ग्रॅम लेंड्या, २८ मिलिलिटर मिठाचं दाट पाणी, खलबत्त्यात घोटून गाळायचं. मिठाच्या पाण्यात अंडी वर तरंगतात. मग मॅकमास्टर नावाच्या काचेच्या पट्टीत ते पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या चौकटींतली अंडी मोजायची. दोन्ही कप्प्यांतली बेरीज गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. तिने मलाही डोळा लावायला दिला. अंडाकृती, पातळ कवच, आत पेशींचा गोळा. एका चौकटीत कितीतरी, आणि ती लेंडी एका धडधाकट दिसणाऱ्या शेळीची होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: पावडर काम करते का बघायचं तर तीन गट करा. एकाला पावडर, एकाला वजनावर लेव्हामिसोल हे जंतांचं दुसरं औषध, एकाला काहीच नाही. आणि ज्यांच्या पापण्या पांढऱ्या पडल्यात त्यांना आजच औषध, त्यांना ह्या हिशेबात धरायचं नाही. पापणीचं तंत्र दक्षिण आफ्रिकेतून आलंय, फामाचा म्हणतात. खालची पापणी उलटून आतला रंग तक्त्याशी जुळवायचा: लालभडक म्हणजे एक, पांढराफटक म्हणजे पाच. चार-पाचला औषध, एक-दोनला नाही, तीनला शेळीची अवस्था बघून. तक्ता हातात आल्यापासून आमच्याकडे सरसकट पाजणं बंद झालंय.

भाद्रपद संपता-संपता सुरुवात केली, अंडी तेव्हा भरात होती. मधे पंधरवडाभर जाऊ देऊन पुन्हा लेंड्या. लेव्हामिसोलच्या गटात अंडी जवळपास दिसेनाशी झाली. पावडरीच्या गटात पाव हिश्शाने घटली. आणि काहीच न दिलेल्या गटातही साधारण तेवढीच घटली! डॉक्टर हसले नाहीत, पण मी हसले. ह्या मोजणीत दिवसागणिक चढउतारच तेवढा असतो, म्हणाले. औषध चालतंय असं म्हणायला ९५ टक्के घट हवी असते.

दिवाळीनंतर पुन्हा पावडर देऊन बघितली तर काय, सगळ्याच गटांची अंडी निम्म्याच्याही खाली. पाऊस उघडला, ओढ्याकाठचं गवत वाळलं, उन्हाने अळ्या मेल्या. माणात थंडीत जंत आपोआपच कमी होतात. दुकानदाराच्या मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे जे आनंदी निरोप आहेत ते त्याने मला दाखवले, सगळे नोव्हेंबर-डिसेंबरमधले. "पावडर दिली आणि महिन्यात शेळ्या भरल्या." ज्याने काहीच दिलं नाही त्याच्याही भरल्या असतील, पण तो कशाला निरोप पाठवेल?

गाभण शेळीला सुरक्षित, हा दावा मला सगळ्यांत जास्त टोचतो. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला द्यायचं नसतं, हे खरं, आणि त्यामुळेच बायामाणसं गाभण शेळ्यांसाठी हे पाकीट मागतात. पण आयुर्वेदात गर्भ राहू नये म्हणून जो पिप्पल्यादी योग सांगितलाय, त्यात पिंपळी आणि टाकणखाराबरोबर वावडिंगच आहे. पळसाच्या बियाही त्याच कामासाठी लोक वापरत आलेत, आणि ह्या दोन्हींचे उंदरांवरचे प्रयोगही झालेत. चमचाभर पावडरीने शेळी गाभडेल असं मी म्हणत नाही. पण ज्या घटकांची ही ख्याती आहे तेच घालून वर "गाभण जनावरांस सुरक्षित" छापणं हा आगाऊपणा आहे. मी माझ्या गाभण शेळ्यांना दिली नाही. त्यात व्यायच्या सुमारास शेळीच्या लेंड्यांतली अंडी आपसूक वाढतात, म्हणजे नेमक्या त्या वेळी भरवशाचं औषध हवं.

शेजारच्या वस्तीवरचे तात्या धनगर आहेत, जन्म मेंढरांत गेला. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "अगं, पळसपापडी आम्ही बी द्यायचो, पर मूठभर. ताकात वाटून. अन् मेंढरं रानं बदलत हिंडायची, एका जागी हगून तिथंच चरायची न्हाईत." दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ह्या दोन वाक्यांत जास्त औषध आहे. मूठभर म्हणजे फैसलाबादच्या मापाच्या जवळ, आणि रान बदलणं म्हणजे अळीला यजमान न मिळणं.

झाडपाल्याचा उपयोग मीही करते, पण चारा म्हणून. बहुतेक अळ्या गवताच्या बुडाशी, फार तर चार बोटांच्या उंचीपर्यंत राहतात. शेळीला बाभूळ, बोर, शेवरी, सुबाभूळ असा डोक्याच्या उंचीचा पाला दिला की अळ्या पोटात जाणंच कमी होतं. बाभळीच्या शेंगांत टॅनिन भरपूर, त्याने जंतांवर काही प्रमाणात वचक बसतो. अमेरिकेत शेळ्यांना सेरिशिया लेस्पेडेझा नावाचा टॅनिनवाला चारा ह्याच कारणासाठी देतात आणि अंडी घटतात. मात्र तो आठवडेच्या आठवडे पोटभर खायला घालतात, चमच्याने नाही. उलट कडुनिंबाचं बघा: ब्राझीलमध्ये मेंढ्यांना वाळका पाला देऊन बघितला, अंडी काही कमी झाली नाहीत. आमच्या पाकिटात कडुनिंब नावापुरता असेल तर बिघडत नाही म्हणा.

पैशाचं: पावडरीचा खर्च शेळीमागे वीस-बावीस रुपये, लेव्हामिसोलचा त्याहून बराच कमी. पण लेव्हामिसोलही मनाने पाजू नका. शेळीला मेंढीपेक्षा जास्त मात्रा लागते आणि फार जास्त झाली तर विषबाधा होते, तेव्हा वजन करून आणि डॉक्टरांना विचारूनच.

पावडरीला पाचापैकी दीड तारा. एक वास खरा वावडिंगाचा आहे म्हणून, अर्धा कुणाही शेळीला त्रास झाला नाही म्हणून. तपासणीला साडेचार. अर्धा कापला कारण अहवाल इंग्रजीत येतो आणि फोन उचलत नाहीत. उरलेलं पाकीट ज्यांना प्रयोग करायचाय त्यांनी घेऊन जावं, मात्र बिनऔषधाचा गट ठेवणार असाल तरच. लेंड्या नेणार असाल तर सकाळी अकराच्या आत पोचा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, खिडकीशी गाई-म्हशीवाल्यांची रांग असते आणि शेळीवाल्याचा नंबर दुपारनंतर लागतो, तोवर थर्मासातला बर्फ वितळलेला असतो.